मृदू कुर्ल्यांची तजवीज

बाजारात कुर्ली निवडण्याचे जे शास्त्र कोकणपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, त्याची सारी इमारत काठिण्याच्या पायावर उभी आहे. कुर्ली प्रथम हातात तोलून पाहावी, मग उताणी करून पोटावरची झडप रुंद की अरुंद यावरून ती मादी की नर याचा निवाडा करावा, शेवटी मागच्या पायाच्या मुळाशी अंगठा रोवून दाब द्यावा आणि कवच तिथे तसूभर जरी दबले तरी 'पोकळ आसा ही' असा शेरा मारून ती विक्रेतीच्या पाटीत परत टाकावी, हा विधी वेंगुर्ल्याच्या बाजारात आईच्या पदराआड उभा राहून मी इतका पाहिला आहे की पुढे नोकरीच्या मुलाखतीत समोरच्या साहेबांनी हस्तांदोलनासाठी हात पुढे करताच माझा अंगठा आपोआप त्यांच्या मनगटाच्या मुळाशी गेला होता. अमावास्येची कुर्ली भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ, हा या शास्त्रातला मुख्य सिद्धान्त. चांदण्यात खेकडा आपल्याच सावलीला भिऊन बिळाबाहेर पडत नाही आणि उपासाने रोडावतो, अशी त्याची उपपत्ती आमच्या वाडीतील वृद्ध मंडळी मोठ्या अधिकाराने सांगत. मऊ कुर्ली ही आमच्या घरी खाद्यवस्तू नव्हे, फसवणुकीचा पुरावा मानली जाई; एखादी चुकून पिशवीतून आलीच, तर ती आणणाऱ्या इसमाच्या अकलेचा पंचनामा रात्री पाने उचलली जाईपर्यंत चाले.

अशा संस्कारांत वाढलेल्या गृहस्थावर, केस पिकू लागल्यावर, परमुलखात मऊ कवचाचे खेकडे शोधत हिंडण्याची पाळी यावी, यात नियतीपेक्षा माझ्या मेहुण्यांचा हात अधिक आहे.

माबेला हे मस्कतच्या पश्चिमेस, सीब विलायतीत पसरलेले उपनगर. जुने मस्कत आणि मत्रा ही डोंगरांच्या बेचक्यांत दाटीवाटीने बसलेली गावे. वाढत्या वस्तीला तिथे ठाव उरला नाही, तेव्हा ती महामार्गाच्या कडेकडेने सरकत इथवर येऊन पोचली. एका अंगाला मोटारींची दुरुस्ती करणाऱ्यांचा 'सनाइया', दुसऱ्या अंगाला नवी पांढरी घरे, आणि या दोहोंच्या दरम्यान आमच्यासारखी हिशेबनिसी करून पोट भरणारी हिंदी कुटुंबे, असा हा संसार आहे. रुवीहून निघणारी एक क्रमांकाची बस जिथे प्रवाशांना निरोप देते ते हे ठिकाण. समुद्र आहे, परंतु आमच्या दारातून तो दिसत नाही, दिसतो तो पेट्रोलपंप.

मेहुणे बाल्टिमोरला असतात. दर मे महिन्यात, पौर्णिमेच्या सुमारास, तिथल्या चेसापीक उपसागरातले निळे खेकडे कात टाकू लागले की मेहुणे आम्हांला दूरध्वनीच्या पडद्यावर दर्शन देतात आणि हातातला पाव आमच्या डोळ्यांसमोर नाचवतात. त्या पावाच्या दोन्ही बाजूंनी खेकड्याचे तळलेले पाय बाहेर आलेले असतात.

"कवचासकट खायचा?" सौभाग्यवतींनी विचारले.

"अख्खा. पायांसकट."

"आणि डोळे?"

"डोळे, कल्ले आणि पोटाखालची झडप एवढे कात्रीने कापून टाकायचे. बाकी सगळे पोटात. तुमच्यासारखे डांगे फोडत बसावे लागत नाही." हे शेवटचे वाक्य उच्चारताना त्यांनी माझ्याकडे ज्या अनुकंपेने पाहिले, ती अनुकंपा मनुष्य सहसा बैलगाडीत बसलेल्यांसाठी राखून ठेवतो. "यंदा मुंबईला जाताना मस्कतला चार दिवस उतरावे म्हणतो. तिकडे मिळतात का असे?"

"न मिळायला काय झाले?" सौभाग्यवती उत्तरल्या. "समुद्र आमच्या दारात आहे."

"ताजे असतील तरच हं, ताई. गोठवलेले मी खात नाही."

"गोठवलेले कोण देतोय तुला!"

अशा रीतीने तहनामा झाला, आणि त्याच्या अंमलबजावणीची जबाबदारी, तहाच्या वाटाघाटींत ज्याचा एक शब्दही विचारला गेला नव्हता, त्या माझ्यावर येऊन पडली.

कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी त्याची इत्थंभूत माहिती मिळवावी, हा हिशेबनिसाचा धर्म आहे. म्हणून मी प्रथम ग्रंथांकडे वळलो, आणि ग्रंथांनी माझा धीर पार खचवला. खेकडा वाढतो, परंतु त्याचे कवच वाढत नाही; तेव्हा जुन्या कवचाखाली नवे, सुरकुतलेले कवच तयार झाले म्हणजे जुने मागच्या बाजूने उकलते, आणि त्या फटीतून हा प्राणी पाय, डांगे, डोळ्यांचे देठ, इतकेच काय पण कल्ले आणि जठराचे अस्तर यांसकट उलटपावली बाहेर पडतो, पाणी पिऊन सुमारे एक तृतीयांशाने फुगतो, आणि मग त्याचे नवे अंग क्षारांनी ताठरू लागते. काही तासांत ते कागदासारखे, आणि दोन-चार दिवसांत पुन्हा पूर्ववत कठीण. म्हणजे ज्या वस्तूच्या शोधार्थ मी निघणार होतो, ती वस्तू अशी स्वतंत्रपणे अस्तित्वातच नसून, ती एका सामान्य खेकड्याच्या आयुष्यातली एक अडचणीची दुपार होती. त्या दुपारी तो कोणालाही दिसू नये म्हणून दडून बसतो, हेही ग्रंथकारांनी निर्दयपणे नमूद केले होते. मादी कात टाकणार असली म्हणजे नर तिला दिवसच्या दिवस पोटाशी धरून फिरतो आणि तिचे अंग घट्ट होईपर्यंत सोडत नाही, हा भाग मी सौभाग्यवतींना मोठ्याने वाचून दाखवला. हा भाग मोठ्याने वाचायला नको होता, असे त्यांच्या "खेकडा असून!" एवढ्याच उद्गारावरून वाटले.

पहिला तपास घराजवळच्या एका प्रशस्त दुकानात केला. बर्फावर कापडे रचावीत तशा शिस्तीने मांडलेल्या मासळीमागे एक मल्याळी तरुण उभा होता. मऊ खेकडा हवा म्हणताच तो न अडखळता आत गेला आणि तांबड्या-पांढऱ्या कांड्यांचे एक पाकीट घेऊन आला. या कांड्यांना खेकड्याचे नाव असले तरी त्या माशाचे मांस कुटून, रंगवून केलेल्या असतात, आणि खेकड्याशी त्यांचा संबंध बहुधा वासापुरताच असतो, हे मी त्याला सविनय सांगितले.

"पण सर, कवच नाही," तो म्हणाला. "याच्याहून मऊ काय पाहिजे?"

या युक्तिवादात दोष कुठे आहे हे मला आजतागायत सापडलेले नाही. त्याचा शेजारी, मासळी कापून देणारा, आमचे संभाषण सहानुभूतीने ऐकत होता. त्याने काचेमागचा एक चांगला भरदार खेकडा उचलला, लाकडी ठोकळ्यावर ठेवला, आणि दांडका उगारून विचारले, "कितना सॉफ्ट करूँ?"

उपाहारगृहांची तऱ्हा निराळी. माबेल्यात खाण्याची ददात नाही; कडक चहा आणि पराठ्यात बटाट्याच्या काचऱ्या चुरून केलेली गुंडाळी देणाऱ्या टपऱ्यांपासून निखाऱ्यावरच्या मिश्काकपर्यंत सारे मिळते. परंतु मऊ खेकडे ज्यांच्या खाद्यपत्रिकेवर असतात ती उपाहारगृहे पूर्वेकडच्या देशांचे पदार्थ विकणारी, शहराच्या उंची भागातली, जिथे दिवे मंद ठेवतात तशी. अशाच एका ठिकाणी मी वाढप्याला विचारले, "खेकडे ताजे आहेत ना?"

"एकदम ताजे, सर."

"कुठून येतात?"

"फ्रीजरमधून, सर. पेटी रोज नवी फोडतो."

ती पेटी म्यानमारची होती. तिकडे आणि थायलंड-व्हिएतनामात खाजणातला मोठा खेकडा एकेका छिद्रे पाडलेल्या डब्यात एकेकटा कोंडून, डब्यांच्या रांगा पाण्यावर तरंगत ठेवतात, आणि दर चार-चार तासांनी, रात्री-अपरात्रीसुद्धा, माणसे त्या रांगांवरून फिरून कोणी कात टाकली याची हजेरी घेतात. टाकली की तो पाण्याबाहेर, आणि तिथून थेट गोठणघरात. या व्यवस्थेचे मला मनापासून कौतुक वाटले; परंतु मेहुण्यांची अट ताजेपणाची होती, आणि समोरच्या बशीतल्या खेकड्याने इहलोक सोडला तेव्हा आमच्या कचेरीचे गेल्या साली मिटलेले हिशेबसुद्धा कदाचित उघडे असतील. तरीही मी तो खाल्ला. चव उत्तम होती. ही गोष्ट मी घरी सांगितली नाही.

आता सल्लागारांविषयी. परदेशातल्या मराठी समाजात एखादी वस्तू मिळत नाही हे जाहीर करण्यासारखा मित्र जोडण्याचा दुसरा मार्ग नाही, कारण 'मिळत नाही' हे विधान प्रत्येक मराठी गृहस्थ आपल्या व्यक्तिगत कर्तबगारीवर घेतलेला आक्षेप समजतो. एका शुक्रवारी कोणाच्याशा घरी सत्यनारायण होता. प्रसादाची वाटी हाती असतानाच मी सहज विषय काढला. क्षणार्धात आरतीपेक्षा मोठा जमाव माझ्याभोवती गोळा झाला. एक म्हणाले, "बरक्याला ढीग असतात." दुसरे म्हणाले, "बरक्याला कसले? सूरला जा. पहाटे चारला पोचलात तर." तिसऱ्यांनी डोळे अर्धवट मिटून "मासिराह" एवढाच शब्द उच्चारला आणि ते शिऱ्याकडे वळले. मासिराह हे बेट आहे आणि तिथे जायला आधी कैक तास मोटार आणि मग नाव लागते, हे मी दर्शवून दिले असता, "मग खरी वस्तू घरबसल्या मिळते काय?" असा प्रतिप्रश्न झाला. चौथ्या गृहस्थांचा एक ओळखीचा माणूस होता, त्याच्या साहेबाची होडी होती, आणि त्या होडीवर मऊ खेकडे इतके निघत की ते परत पाण्यात टाकीत. यांपैकी कोणी प्रत्यक्ष मऊ खेकडा पाहिला आहे काय, असे मी अखेर विचारले. शांतता पसरली. मग एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "पाहिला नाही, पण मिळतो."

त्यानंतर मी मत्र्याला गेलो. तिथली नवी मासळीबाजाराची इमारत 2017 साली उघडली. नॉर्वेच्या स्नोहेट्टा या नामांकित वास्तुरचनाकारांनी ती रचली आहे, आणि तिच्या वळणदार छपरातून ऊन असे गाळून येते की खाली पडलेल्या कुप्यासुद्धा चित्रात मांडल्यासारख्या दिसतात. सुरमई नव्हती, कारण 15 ऑगस्टपासून 15 ऑक्टोबरपर्यंत तिला पकडण्यास सरकारी मनाई असते. मऊ खेकडा नव्हता, आणि त्याला तर कोणाची मनाईही नव्हती.

माझी खरी वहिवाट पडली ती सीबच्या बाजारात, एका वृद्ध ओमानी विक्रेत्याच्या ठेल्याशी. हा गृहस्थ बलुची वंशाचा, हिंदी अस्खलित बोलणारा आणि आपल्या मालाविषयी अत्यंत मानी. त्याच्यापुढे निळसर डांग्यांचे जिवंत खेकडे टोपलीत खडखडत होते. मी एक उचलला, जन्मभराच्या सवयीने मागच्या पायाच्या मुळाशी अंगठा रोवला, तो दगडासारखा लागला, आणि मी खिन्न होऊन तो परत ठेवला.

"क्या हुआ, सदीक? माल भरा हुआ है।"

"ते दिसतेच आहे. मला नरम हवा."

"नरम तो खराब होता है। हम समंदर में फेंक देते हैं।"

"फेकू नका. मला द्या."

त्याने माझ्याकडे पाहिले. मग त्याची दृष्टी सावकाश माझ्या तोंडाकडे गेली आणि तिथेच स्थिरावली, आणि त्याच्या चर्येवरचा सारा व्यापारी ताठरपणा विरघळला. "अच्छा," तो हलक्या आवाजात म्हणाला. "दाँत की तकलीफ़ है।"

माझे दात उत्तम आहेत. हे मी त्याला सांगितले. परंतु दातांविषयी माणूस किती स्वाभिमानी असतो हे ठाऊक असल्यासारखी त्याने मान हलवली, आणि पुढच्या शुक्रवारी मी गेलो तेव्हा वार्ता बाजारभर पसरलेली होती. एकाने मला बिनकाट्याचा मासा काढून दाखवला. दुसऱ्याने कोळंबी सोलून देण्याची तयारी दर्शवली, तीही मोफत. ज्याचे वाडवडील झांजिबारहून परतले होते अशा एका म्हाताऱ्याने कागदाच्या पुडीत चार लवंगा बांधून माझ्या खिशात घातल्या; एकोणिसाव्या शतकात ओमानच्या सय्यद सईदने आपली राजधानी झांजिबारला नेली आणि तिथे लवंगांच्या बागा वाढवल्या, त्या दीर्घ इतिहासाचे फलित माझ्या निरोगी दाढेखाली यावे हा योगच म्हणायचा. इतक्या सद्भावनेचा अव्हेर करणे मला जमेना. निघताना मी गालाला हात लावून किंचित कण्हलो.

बाजारातून वस्तू मिळेना, तेव्हा ती घरीच उत्पन्न करावी, हा विचार सौभाग्यवतींचा. समुद्राचे पाणी पिंपांत भरून मोटारीने माबेल्यात आणताना इमारतीच्या पहारेकऱ्याने ते कशासाठी म्हणून विचारले, आणि "दातांसाठी, गुळण्या करायला," हे उत्तर माझ्या तोंडून कसे गेले ते मलाच कळले नाही. न्हाणीघरातल्या टबात जिवंत कुर्ल्या सोडल्या. रात्रीच्या पहाऱ्यांचे वेळापत्रक भिंतीवर चिकटवले. मध्यरात्रीचा आणि पहाटेचा पहारा माझा. कुटुंबाची स्नाने शेजाऱ्यांकडे. शेजाऱ्यांनी प्रथम आनंदाने होकार दिला, मग नुसता होकार दिला.

आणि एका पहाटे चमत्कार घडला. सौभाग्यवतींनी न्हाणीघरातून हाक मारली ती आनंदाने ओसंडणारी: एक कुर्ली मऊ झाल्यासारखी दिसत होती! मी धावलो. टबाच्या कोपऱ्यात एक अत्यंत देखणी, पाय-डांगे-डोळे सर्व जागच्या जागी असलेली कुर्ली निश्चल बसली होती. मी ती उचलली तो ती पिसाइतकी हलकी. ती कात होती. कातीच्या धन्याचा शोध घेता त्याच्या एका पायाचा तुकडा तेवढा मिळाला. बाकीचा ऐवज सोबत्यांनी रातोरात फस्त केला होता. खेकड्यांच्या टोपलीवर झाकण लागत नाही, कारण वर चढणाऱ्याला खालचे ओढतात, ही कथा सभांतून ऐकवून मराठी माणसाला लाजवणाऱ्या वक्त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी एकदा टब पाहावा. टोपलीतले वर्तन हे त्यामानाने बंधुभावाचे आहे. म्यानमारात प्रत्येकाला स्वतंत्र डबा का देतात, त्याचा उलगडा झाला. त्या दिवशी उरलेल्या कुर्ल्यांचे तिखले झाले, आणि ते जेवताना आम्ही दोघेही फारसे बोललो नाही, कारण डांगे फोडण्याच्या आवाजात बोलणे ऐकू येत नाही.

दरम्यान सिंधुदुर्गातल्या माझ्या चुलतभावाला मी ही हकिकत कळवली होती. तो कांदळवन कक्षाच्या योजनेतून गावच्या गटात खाजणातले खेकडे पाळतो. त्याचा धंदा असा, की नुकती कात टाकलेले, पाणी भरलेले मऊ खेकडे पागेऱ्यांकडून स्वस्तात घ्यायचे, पिंजऱ्यांत ठेवून तीन-चार आठवडे चारापाणी करायचे, आणि अंग भरून कवच कठीण झाले की चढ्या भावाने विकायचे. "आम्ही मऊचे कठीण करतो त्याला सरकार अनुदान देते," त्याने लिहिले. "तू कठीणाचे मऊ करतोयस. तुला कोण पैसे देते?"

ऑक्टोबरात मेहुण्यांचा निरोप आला की तिकीट स्वस्त मिळाल्याने ते दोहामार्गे मुंबईला जात आहेत. येथे, कोणत्याही समंजस माणसाच्या दृष्टीने, हे प्रकरण दफ्तरदाखल व्हावयास हवे होते. परंतु कार्याचे कारण नाहीसे झाले म्हणून कार्य थांबते, असे ज्याला वाटते त्याने सरकारी कचेरीत नोकरी केलेली नसावी. सौभाग्यवतींचे म्हणणे पडले की आता तर मिळवलाच पाहिजे. निदान त्याचे छायाचित्र दोहाला पाठवता येईल.

नंतर एका सकाळी, कचेरीत महिनाअखेरचा ताळेबंद चालू असता, सीबहून दूरध्वनी आला. "सदीक, मिल गया! नरम, बिलकुल नरम! जल्दी आओ!" मागे दहा-बारा माणसांचा कल्लोळ ऐकू येत होता. मी साहेबांकडे रजेचा अर्ज केला. कारणाच्या रकान्यात काय लिहावे हे न सुचून 'दंतवैद्य' लिहिले. परंतु ताळेबंद जुळेना, तो जुळेस्तोवर दुपार कलली, आणि महामार्गावरच्या वाहनांच्या रांगा पार करून मी सीबच्या बाजारी पोचलो तेव्हा ठेले धुऊन झाले होते, आणि तरीही सारा बाजार माझी वाट पाहत थांबला होता.

म्हाताऱ्याने मला हाताला धरून मागे नेले. तिथे एक नवी कोरी बादली होती, तीत स्वच्छ समुद्राचे पाणी, वर ओल्या गोणपाटाची सावली. खेकडा एकटा होता. त्याला कोणी खाऊ नये, याचीही त्याने खबरदारी घेतली होती. "बर्फ पर नहीं रखा," तो अभिमानाने म्हणाला. "मर जाता। तुम ताज़ा बोला था। हर घंटे पानी बदला।"

कात टाकलेल्या खेकड्याचे मार्दव टिकवायचे तर त्याला तत्काळ पाण्याबाहेर काढावे लागते. पाण्यात ठेवला तर तो आपले काम पुरे करतो. मी हात घालून तो उचलला, आणि माझा अंगठा आपोआप मागच्या पायाच्या मुळाशी गेला. जमलेली मंडळी श्वास रोखून पाहत होती.

म्हाताऱ्यानेही तो माझ्या हातून घेऊन दाबला. पुन्हा दाबला. डांग्यावर बोटाने टकटक करून पाहिले. मग त्याचा चेहरा, दुखणाइताचा ताप उतरलेला पाहून घरच्यांचा उजळावा तसा उजळला, आणि तो खेकडा त्याने भोवतालच्या मंडळींना उंच करून दाखवला.

"सदीक, फ़िक्र मत करो," तो म्हणाला. "अब ठीक हो गया।"